चौकटीबाहेरचा हात

पक्ष्यांचे फोटो काढायला भिगवणला जाणाऱ्या आम्हा फोटोवाल्यांना एक गोष्ट ठाऊक असते, पण प्रदर्शनाच्या दालनात ती कुणी बोलत नाही. पाण्यावर झेपावणाऱ्या कुरवाचा, म्हणजे सीगलचा, जो फोटो लोक थांबून बघतात, त्याच्या चौकटीला लागूनच, वीतभर बाहेर, एक हात असतो. हात नावाड्याचा असतो आणि त्यात चिलापी माशाचा तुकडा असतो.

माझाही तसा एक फोटो आहे. जानेवारीतली सकाळ होती, कुंभारगावच्या काठावरून नाव निघाली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. नावाडीदादा म्हणाले, "ताई, कॅमेरा डोळ्याला लावून बसा. मी टाकतो, मग तो येतोच." त्यांनी तुकडा फेकला, कुरव हवेतल्या हवेत आडवा वळला, पंखांच्या कडांना ऊन लागलं आणि मी बटण दाबून धरलं. घरी येऊन त्या पन्नासेक फ्रेममधली एक निवडली. तिच्या डाव्या कोपऱ्यात दादांची बोटं आली होती. नखांत खवले अडकलेले, अंगठ्यावर जाळ्याच्या दोरीने पडलेला जुना चर. मी तो कोपरा कापला. 'बॅकग्राउंड क्लीन पाहिजे' हे आम्ही नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवतो, आणि मला ते पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी तसंच शिकवलं होतं. फोटो शहरातल्या एका प्रदर्शनात लागला. एक आजी त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि नातवाला म्हणाल्या, "बघ, माणूस नसला की निसर्ग किती निर्मळ असतो."

तेव्हा मला आनंद झाला होता. आज ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. त्या आजींना मी खोटं दाखवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की निसर्गाच्या चित्रातून माणूस कापून टाकायची जी सवय आपल्याला लागली आहे ती फोटोपुरती राहिलेली नाही. पुण्याच्या नद्यांचं, ओढ्यांचं, टेकड्यांचं काय करायचं हे ठरवतानाही आपण तीच कापलेली चौकट डोळ्यांपुढे धरतो. म्हणून छायाचित्र आणि व्हिडिओ हा हौशी लोकांचा किंवा कलावंतांचा घरगुती मामला नाही. तो शहराचा प्रश्न आहे, आणि शहराने त्याच्यासाठी जागा आणि पैसा दोन्ही द्यायला हवेत.

आधी त्या कुरवाचं पाणी बघू. भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. भीमेवरचं हे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली गावं त्याच्या पोटात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतं. धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातली निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं पाणी, म्हणून पाणी सहसा पुरतं आटत नाही. उथळ काठ, गाळ, शेवाळ, मासे असं सगळं जुळून आलं आणि रोहित म्हणजे फ्लेमिंगो, चित्रबलाक, कुरव तिथे जमायला लागले. आणि त्या पाण्यात येतं काय? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं आपल्याला पाणी देतात. आपण ते वापरतो आणि मुठेत सोडतो. संगमावर मुळा भेटते, पुढे रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीत उतरते. तेच पाणी खाली सोलापूर पितं. एरंडवण्यातल्या माझ्या मोरीतलं पाणी दोन-चार दिवसांनी त्या कुरवाच्या पंखाखाली असतं. फोटोतून मी फक्त दादांची बोटं कापली होती, माझं स्वतःचं सांडपाणी तर चौकटीच्या मधोमध होतं. ते चमकत होतं म्हणून कुणाला ओळखू आलं नाही.

मुळेच्या पात्रातल्या जलपर्णीचंही असंच आहे. तिची जांभळी फुलं फार सुरेख दिसतात. तिच्यावर पाय रोवून उभा असलेला वंचक बगळा आणखी सुरेख दिसतो. पाण्यात मैला जितका जास्त, तितकी जलपर्णी माजते हे त्या फोटोला सांगता येत नाही, आणि आम्ही खाली फक्त पक्ष्याचं नाव लिहितो.

हे कुणाच्या लबाडीने होतं असं मला म्हणायचं नाही. लेन्सचा स्वभावच तसा आहे. ६०० मिलिमीटरच्या लेन्सला जेमतेम चार अंशांचा तुकडा दिसतो. एवढ्या चिंचोळ्या तुकड्यात पक्षी मावतो, त्याच्यामागचा विटभट्टीचा धूर मावत नाही, मावला तरी धूसर होऊन करडा रंग तेवढा उरतो. बाकी राहिलेली वायर, प्लॅस्टिकची पिशवी, पायरी हे सगळं आता मोबाइलवरही बोट फिरवून पुसता येतं. यंत्राची मर्यादा हळूहळू आमची आवड झाली. स्पर्धांचे परीक्षक त्या आवडीला बक्षिसं देऊ लागले आणि पाहणाऱ्यांनी तिला निसर्ग हे नाव दिलं.

आता त्याच नजरेने नदीकाठ सुधारणा प्रकल्पाची कल्पनाचित्रं आठवा. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा हा प्रकल्प, मार्च २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मी पाहिलेल्या चित्रांत पाणी स्वच्छ आणि स्थिर आहे, काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ आहे, फरसबंदीवरून लोक फिरतायत. गाळ नाही. बाभूळ नाही, उंबर नाही, वाळुंज नाही. चरायला आलेली म्हैस नाही, कपडे वाळत घातलेले नाहीत, जाळं टाकून बसलेला कुणी नाही. पूर तर नाहीच. भिगवणच्या माझ्या फोटोत निसर्ग आहे आणि माणूस कापलेला आहे. कल्पनाचित्रात माणूस आहे आणि नदी कापलेली आहे. कात्री एकच आहे.

प्रकल्प चांगला की वाईट यावर शहरात बरीच भांडणं झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये लोक झाडं वाचवायला नदीकाठी जमले. मी त्यांच्या बाजूची आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पण प्रकल्पाच्या समर्थकांचंही एक म्हणणं खरं आहे. आज नदीकाठ म्हणजे राडारोड्याचे ढीग आणि उघडी गटारं, सामान्य माणसाला तिथे पाय ठेवावासा वाटत नाही, हे कोण नाकारील? माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. बाजू घेण्यापूर्वी आपण सगळे बघत काय होतो? एका हातात कल्पनाचित्र आणि दुसऱ्या हातात खंड्याचा फोटो धरून आपण वाद घालत होतो. मधली नदी, जिच्याशी या शहरातल्या हजारो माणसांचा रोजचा व्यवहार आहे, ती दोन्ही चित्रांत नव्हती.

माझ्या एका जुन्या फोटोमित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, "सौंदर्य दाखवलं तर माणूस जवळ येतो. घाण दाखवली तर तोंड फिरवतो. आपण सुंदर फोटो काढले म्हणून तर चार पोरं पक्षी बघायला लागली." यात तथ्य आहे आणि मी ते मानते. पक्षी बघायला आलेल्या पोरांतूनच पुढे नोंदी ठेवणारे, नदीकाठी फेऱ्या काढणारे, न्यायालयात जाणारे लोक तयार झाले. सुंदर फोटो काढूच नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण घाण दाखवणं हा त्याला पर्याय आहे असं समजण्यातच चूक आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रातल्या भंगलेल्या मूर्तींचे फोटो दरवर्षी निघतात. त्या फोटोंचं ठरावीक काम आहे आणि ते त्यांनी केलं. हौद आले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे आपल्या एनसीएलने, प्लॅस्टरच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटने विरघळवायची पद्धत काढली, महापालिकेने ते नागरिकांना वाटलं. तरी त्या फोटोंतही नातं नाही, फक्त आरोपी आहे. पहिल्या प्रकारच्या फोटोत माणूस नसतो. दुसऱ्या प्रकारात तो नाश करायला तेवढा येतो. दोन्ही बघून शहरातलं मूल एकच शिकतं, की आपण आणि नदी एकमेकांचे कुणी नाही.

आणि हे खोटं आहे. मला ते ओंकारेश्वराच्या घाटावर कळलं.

बाबा गेले त्यानंतरचा दहावा दिवस. भाताचा पिंड ठेवला, गुरुजींनी आम्हाला दहा पावलं मागे उभं केलं आणि वाट बघणं सुरू झालं. समोर मुठेचं काळपट पाणी, पलीकडे नदीपात्रातल्या रस्त्यावरून जाणाऱ्या दुचाक्यांचा आवाज, आणि वडाच्या फांदीवर पाच-सहा कावळे. त्यांतला एक डोमकावळा, बाकी आपले गावकावळे. एक उतरला, पिंडाभोवती फिरला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. माझा भाऊ हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला एकटं पडू देणार नाही." काही नाही. मी म्हणाले, "तुमची पुस्तकं रद्दीत जाणार नाहीत." काही नाही. काका म्हणाले, "गावच्या आंब्याची वाटणी होऊ देत नाही, काळजी करू नकोस." चाळीस मिनिटं गेली. गुरुजींनी दर्भ हातात घेतला, म्हणजे आता दर्भाचा कावळा करायची वेळ आली. तेवढ्यात एक कावळा सरळ खाली आला आणि शिवला. कशाने आला ते त्यालाच ठाऊक. आम्ही तिघांनीही आपापल्या वचनाने आला असं मनात धरलं, आणि पुढे ती तिन्ही वचनं पाळली.

माणसाचं निसर्गाशी नातं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी ती चाळीस मिनिटं सांगेन. शिकलेली, नोकरीधंद्याची माणसं एका पक्ष्यासमोर हात जोडून उभी असतात. त्याच्या मर्जीवर त्यांचं रडणं थांबणार असतं. ज्या नदीकडे एरवी नाक दाबून बघतात, तिच्याच पाण्यात ती पाय बुडवतात. श्रद्धा आहे की नाही हा भाग वेगळा. कावळा नसेल, काठ नसेल, तर या शहराला आपलं माणूस नीट निरोप देऊन पाठवता येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. पुण्यातल्या निसर्ग छायाचित्रांच्या इतक्या प्रदर्शनांत मी कावळ्याचा फोटो एकदाही पाहिलेला नाही. साधा पक्षी म्हणून नाही, आणि घाटावर तर नाहीच.

इथे व्हिडिओ का लागतो तेही सांगते. त्या दिवशी कॅमेरा माझ्याजवळ असता आणि तो काढायची मला लाज वाटली नसती, तर मी कोणता क्षण टिपला असता? चोच पिंडाला लागली तो. चोच लागली तो अर्धा सेकंद, आणि नातं तर आधीच्या चाळीस मिनिटांत होतं. पूर चढतो तो तासातासाने चढतो. काठावरचा गाळ वर्षावर्षाने साचतो. काठ बदलतो तो पिढीपिढीने. छायाचित्र यातलं टोक दाखवतं. ज्यात वेळ जातो ते दाखवायला चालतं चित्र लागतं, आणि ते बातमीच्या दीड मिनिटात मावत नाही.

माझ्या ओळखीच्या एका तरुण मुलीने हे काम केलं. एका पितृपक्षात ती रोज घाटावर जाऊन बसली, प्रत्येक कुटुंबाची परवानगी घेतली, एकाचाही चेहरा दाखवला नाही. पाय, पाणी, भिंतीवरचे कावळे आणि कानावर पडणारी वचनं. 'धाकटीचं लग्न मी करीन.' 'दुकान बंद पडू देणार नाही.' 'कर्ज फेडतो, तुम्ही शांत व्हा.' सलग ३८ मिनिटांचा व्हिडिओ झाला. मी तो तिच्या लॅपटॉपवर पाहिला आणि मधेच उठून बाहेर गेले, बसवेना. हा व्हिडिओ शहरात दाखवायला ती जागा शोधत होती. एका कलादालनात तिला सांगितलं, टीव्ही तुमचा आणा, आवाज बंद ठेवा, शेजारी चित्रांचं प्रदर्शन आहे. दिवे मालवता येणार नाहीत, सगळ्या दालनाला बटण एकच आहे. वचनं ऐकू न येणारा तो व्हिडिओ भरउजेडात लावण्यात अर्थ नव्हता. तिने तो अजून कुठेच लावलेला नाही.

यात त्या दालनातल्या माणसाचा दोष नाही. आपली कलादालनं बांधली तेव्हा कला म्हणजे भिंतीवर टांगायची वस्तू असं धरलं होतं. पण ज्या शहरात प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली आपला स्टुडिओ आणला, त्याच जागेवर पुढे चित्रपटाचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, ज्या शहरात १९६४ पासून देशाचं चित्रपट संग्रहालय आहे, त्या शहरात चालत्या चित्राला एक अंधारी खोली मिळू नये याचं मला फार वाईट वाटतं.

दिल्लीत यमुनेची अवस्था मुठेपेक्षा बरी नाही. तिथल्या काही कलावंतांनी मात्र नदीकडे पाठ फिरवली नाही आणि तिला सजवलंही नाही. अतुल भल्ला यांनी २००५ साली यमुनेत उतरून हळूहळू पाण्याखाली जाताना स्वतःची छायाचित्रमालिका केली. पुढे २००७ मध्ये ते त्याच नदीच्या काठाने पायी चालले आणि वाटेत दिसलं ते टिपत गेले. रवी अग्रवाल छायाचित्रकार आहेत आणि विषारी कचऱ्याच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्तेही. त्यांनी यमुनेच्या पूरमैदानात झेंडू लावणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर काम केलं. नदीच्या गाळात वाढलेलं फूल बाजारात जातं, तिथून देवळात, आणि निर्माल्य होऊन पुन्हा नदीत. त्या झेंडूत शेतकऱ्याचं पोट आहे, देवळाची श्रद्धा आहे आणि नदीचं दूषित पाणीही आहे. अमर कंवर यांनी ओडिशात, कारखान्यांसाठी आणि खाणींसाठी जाऊ घातलेल्या जमिनींचं त्या जाण्याआधीच चित्रण केलं. शेत, वारा, तळं, वाटेने जाणारी माणसं. त्याच्यासोबत भाताच्या अडीचशेहून अधिक देशी वाणांचं बियाणं त्यांनी मांडलं. पुढे जे नाहीसं झालं, त्याचा एक पुरावा शिल्लक राहिला.

या पुराव्याची किंमत पुण्याला नवी नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं. त्या दिवसांचे फोटो अजून दर जुलैत वर्तमानपत्रांत येतात, आता व्हॉट्सॲपवरही फिरतात. चिखल, कोसळलेल्या भिंती, हाताला लागेल ते सामान घेऊन निघालेली माणसं. माझी आजी नारायण पेठेत राहायची. ती ते फोटो बघून कधी हळहळली नाही. ती उठायची, भिंतीजवळ जायची आणि डोक्याच्या वर हात नेऊन म्हणायची, "इथवर." बोटं तशीच टेकवून मग माझ्याकडे बघायची. पूररेषा म्हणजे काय हे मला पुढे नकाशावर निळ्या आणि लाल रंगात कळलं. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्याची. त्याआधी ती मला आजीच्या हाताने भिंतीवर दाखवली होती. तिच्या पिढीकडे फोटोही होते आणि भिंतीही होत्या, म्हणून त्यांना नदीचं भय होतं आणि आदरही होता.

आपल्या पिढीचे पूर फोनमध्ये आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक छातीइतक्या पाण्यातून बाहेर पडले. गच्चीवरून, जिन्यातून, पाण्यात उभं राहून लोकांनी व्हिडिओ काढले. माझ्या मते पुण्यात या काळात माणूस आणि नदी यांच्यावर जे काही चित्रण झालं, त्यातलं सर्वांत खरं ते आहे. हात थरथरतोय, मागून कुणीतरी "गाडी सोड, वर ये" म्हणून ओरडतंय, देवघरातला दिवा पाण्याच्या वर दोन बोटं आहे. आणि हे सगळं कुठे आहे? गटांमध्ये पुढे ढकललेलं, फोन बदलले की पुसलं जाणारं. महापालिकेच्या दप्तरी किती क्युसेक सोडलं त्याची नोंद राहील. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं, कोण कुणाला हात धरून घेऊन गेलं, हे दहा वर्षांनी कुणालाच दाखवता येणार नाही. त्याच काठावर नवी कल्पनाचित्रं मांडली जातील तेव्हा त्यांच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काही नसेल.

म्हणून मागणी आहे. सरकारी कामाच्या बिलाला कामाआधीचे आणि कामानंतरचे फोटो जोडायची पद्धत आहेच. तीच पद्धत मोठ्या अर्थाने लावा. नदीच्या, ओढ्याच्या ज्या टप्प्याला हात लावायचा, त्याचं आधी वर्षभर चित्रण करा. उन्हाळा, पूर आणि हिवाळा तिन्ही ऋतूंत. ते काम ठेकेदाराच्या माणसाकडे देऊ नका, छायाचित्रकार आणि व्हिडिओ कलावंतांकडे द्या, आणि काठावर राहणाऱ्या, राबणाऱ्या लोकांना बरोबर घेऊनच करू द्या. विठ्ठलवाडीला, औंधला जीवितनदीसारख्या संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं काठ सांभाळतायत, त्यांना तिथलं प्रत्येक झाड ठाऊक आहे. खर्च प्रकल्पाच्या खर्चातूनच व्हावा. जे तयार होईल ते कुणालाही बघता येईल अशा ठिकाणी जतन व्हावं, आणि प्रकल्पाच्या सुनावणीत कल्पनाचित्राच्या शेजारी लावलं जावं. लोकांच्या फोनमधले पुराचे व्हिडिओही तारखेसकट, जागेसकट मागवून घ्यावेत, उशीर होण्याआधी.

कुणी म्हणेल, एवढा पैसा असेल तर मैलापाणी शुद्धीकरणाला द्या, कलावंतांना कशाला. शुद्धीकरणाला द्यायलाच हवा, त्यात दुमत नाही. त्यासाठीच्या जपानी कर्जाचा करार २०१६ साली झाला आणि ती केंद्रं पूर्ण क्षमतेने चालणं ही नदीची पहिली गरज आहे. पण मैलापाणी इतकी वर्षं नदीत जात राहिलं ते केवळ पैसा नव्हता म्हणून का? ते आपल्याला दिसत नव्हतं. मोरीच्या जाळीखाली गेलं की संपलं, असं आपण धरून चाललो होतो. माझ्या मोरीपासून उजनीपर्यंतचा प्रवास एखाद्या कलावंताने सलग दाखवला असता, तर कदाचित आमच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या जोडीला त्याचाही विषय निघाला असता.

महापालिकेच्या एका तरी कलादालनात अंधार करता येईल अशी खोली हवी, प्रोजेक्टर हवा, आवाजाची सोय हवी. शाळांनी वर्षातून एकदा मुलांना अभयारण्यात नेण्याआधी शाळेमागच्या ओढ्यावर न्यावं आणि फोन हातात द्यावा. आणि आम्ही फोटोवाल्यांनी, मी आधी माझ्यापासून सुरुवात केली आहे, फोटोखाली पक्ष्याच्या नावाबरोबर पाण्याचंही नाव-गाव लिहावं. मासा टाकून बोलावलेला पक्षी असेल तर तसं लिहावं.

निसर्ग म्हणजे माणसाने न शिवलेली जागा, ही कल्पना आपल्या मातीतली मला वाटत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जुनं जंगल त्यांना सापडलं ते देवाच्या नावाने राखलेलं. लोक तिथे जात होते, घंटा वाजवत होते, नवस बोलत होते, आणि काडी मोडत नव्हते. पुण्यात ज्या टेकडीसाठी आपण मोर्चे काढतो तिलाही वेताळाचं नाव आहे. देवराईचा फोटो काढताना शेंदूर लावलेला दगड चौकटीबाहेर ठेवला, तर मागे राहतात ती फक्त झाडं. ती आजवर का टिकली ते त्या फोटोतून कुणालाच कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तो फोटो मूळ फाइलमधून न कापता छापून घेतला आणि कुंभारगावला घेऊन गेले. दादांनी तो उन्हाकडे धरला. पक्ष्याकडे त्यांनी बघितलंही नाही. अंगठ्यावरच्या चरावर बोट ठेवून म्हणाले, "हा माझा हात." मग घरात हाक मारली, वहिनी बाहेर आल्या, त्यांनीही बघितला. दादांनी विचारलं, "ह्योच लावला होता का पुण्यात?" मी खरं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फोटो पदराने पुसून वहिनींनी आत नेला.

नंतर आम्ही नावेतून फिरून आलो, आणि नाव परत काठाला लागताना दादांनी वल्ह्याने पाण्यात एका जागी खूण केली. तिथे त्यांच्या आजोबांच्या घराचं जोतं आहे. "मे महिन्यात या ताई, पाणी उतरलं की दिसतं. त्या वक्ताला पक्षी नसत्यात पण." मी येते म्हणाले. मोठी लेन्स घरी ठेवून जाणार आहे.